चौथी गोणी : टाकाऊ मालाच्या काँक्रीटच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

चार गोण्या आल्या. पहिलीत लोखंडाच्या झोतभट्टीच्या स्लॅगची, म्हणजे धातू वितळवून काढल्यावर उरणाऱ्या मळीची भुकटी, जवळजवळ पांढरी. दुसरीत फ्लाय ॲश, वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख. तिसरीत तांब्याचा स्लॅग. काळा, टोकदार, उन्हात धरला की काचेसारखा चमकतो. चौथीत शिसं-जस्ताच्या खाणीतला गाळ, ओलसर, हाताला चिकटणारा. चौथ्या गोणीवर खडूनं ‘बारीक वाळू’ असं लिहिलंय. ही वाळू नाही. खनिजाचा दगड दळून, त्यातलं कामाचं काढून घेऊन, उरलेलं पाण्याबरोबर बाहेर सोडलेलं हे पीठ आहे. खडू पुसून ‘गाळ’ लिहिलं, तारीख घातली.

काम असं ठरलंय : साध्या मध्यम ताकदीच्या काँक्रीटमधलं निम्मं सिमेंट स्लॅगनं बदलायचं, आणि वाळूचा काही भाग तांब्याच्या स्लॅगनं किंवा गाळानं. एका वेळी एकच बदल, म्हणजे गडबड झाली तर दोष कुणाचा ते कळेल.

सिमेंट कमी का करायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते, कारण पुढे आकड्यांच्या गर्दीत ते हरवतं. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा, करताना चुनखडी साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, हातात ५६ किलो चुना उरतो. हा वायू इंधनाचा नाही, दगडाचाच आहे. उद्या भट्टी उन्हावर चालवली तरी तो सुटणारच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या नावावर आहेत, आणि त्यातला मोठा वाटा या दगडातून निघालेल्या वायूचा.

९ जानेवारी

दिवसभर चाळण्या, ओव्हन, वजनकाटा. घनता, पाण्याच्या किती पट ते : वाळू २.६२, खडी २.७०, तांब्याचा स्लॅग ३.५. तांब्याच्या स्लॅगमध्ये लोह भरपूर असतं, म्हणून हे वजन. त्याचं घमेलं उचलताना कंबरेला कळतं.

गाळाचा बराचसा भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली गेला. म्हणजे वाळूच्या जागी घालतोय म्हणायचं, पण वागणार पिठासारखं. पाणी पिणार.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन चमचे माल बघण्यात अर्धा तास गेला, तो वाया गेला असं मी मानत नाही. फ्लाय ॲश म्हणजे गोळ्यांची रास. कोळशातली माती ज्वाळेत वितळते, थेंब हवेतच गार होतात, म्हणून गोल. गोल कण एकमेकांवरून घरंगळतात, त्यामुळे चांगली राख घातली की पाणी कमी लागतं. स्लॅगची भुकटी मात्र फुटलेल्या काचेसारखी, धारदार. ती काचच आहे. भट्टीतून निघालेला तापलेला स्लॅग पाण्याच्या झोतानं एकदम विझवला तर स्फटिक बनायला सवड मिळत नाही आणि काच तयार होते. तोच स्लॅग खड्ड्यात ओतून हळूहळू गार होऊ दिला तर त्याचा दगड होतो. तो खडी म्हणून चालेल, सिमेंटच्या जागी नाही. रसायन तेच, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा. विझवलेल्या स्लॅगला चुन्याबरोबर सिमेंटसारखं घट्ट होता येतं, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखवलं. म्हणजे ‘नवं टिकाऊ तंत्रज्ञान’ म्हणून आपण जे मिरवतो त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली.

१२ जानेवारी

मिश्रणाचं गणित. एका घनमीटरला सिमेंट ३५० किलो, पाणी १७५, वाळू ७२७, खडी ११२४, हवा दोन टक्के. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५. हे कंट्रोल, बाकीच्यांची तुलना करायचं साधं मिश्रण, म्हणजे ‘क’. ‘स’ मध्ये निम्मं सिमेंट काढून स्लॅगची भुकटी. ‘त’ मध्ये ४० टक्के वाळू काढून तांब्याचा स्लॅग. ‘ग’ मध्ये २० टक्के वाळू काढून गाळ. राखेचं नंतर.

१४ जानेवारी

चारही मिश्रणं आज ओतली. प्रत्येक वेळी ३० लिटर माल, १०० मिलिमीटरचे क्यूब. एका क्यूबमध्ये बरोबर एक लिटर, हिशेबाला सोपं.

‘क’ आणि ‘स’ विनातक्रार. ‘स’चा रंग फिकट, हाताला लोण्यासारखा मऊ. ‘ग’ मिक्सरच्या पात्याला चिकटून बसला; पाणी वाढवायचं नाही असं ठरलं होतं म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं औषध, वाढवत गेले, तेव्हा कुठे स्लम्प, म्हणजे ओल्या मालाचा सैलपणा, जमला. ‘त’चं उलट. छान वाहिला, पण साच्यात भरल्यावर दहा मिनिटांत वर पाण्याचा थर. काचेसारखे कण पाणी शोषत नाहीत, मग ते पाणी जाणार कुठे? वर.

आणि ‘त’चा शेवटचा साचा रिकामा राहिला. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, “सांडलं असेल.” सांडलं नव्हतं. जमीन कोरडी होती. रात्री बघते.

त्याच रात्री

सापडलं, आणि चूक माझीच. वाळू मी वजनानं बदलली. ७२७ चे ४० टक्के म्हणजे २९१ किलो वाळू काढली, २९१ किलो स्लॅग घातला. पण २९१ किलो वाळू १११ लिटर जागा व्यापते आणि तेवढाच स्लॅग फक्त ८३ लिटर. प्रत्येक घनमीटरमागे २८ लिटर माल कमी. तीस लिटरच्या मालात जवळजवळ ०.८४ लिटर, म्हणजे जवळपास एक पूर्ण क्यूब. रिकामा साचा खोटं बोलत नव्हता.

याचा दुसरा अर्थ आणखी वाईट. मी ज्याला घनमीटर म्हणत होते तो ९७२ लिटरचा होता. खऱ्या घनमीटरला सिमेंट ३५० नाही, ३६० किलो पडलं. टाकाऊ माल घालून मी सिमेंट वाढवलं! ‘त’ छान वाहिला, त्यातही या जास्तीच्या सिमेंट-पाण्याच्या पेस्टचा हात असणार. ‘त’ फेकत नाही, पण नाव बदललं : ‘त-चूक’. घनफळानं बदलून नवा ‘त’ उद्या.

१५ जानेवारी

साचे उघडले. ‘क’ ठीक. ‘स’ जरा नाजूक, कडा सांभाळून काढल्या. ‘ग’चा साचा उघडायला घेतला तर वरून दाबलेल्या बोटाचा ठसा उमटला. चोवीस तासांनी! काका वाकून बघत म्हणाले, “अगं, हे अजून झोपलंय.” मला आधी सुपरप्लास्टिसायझरचा संशय आला, कारण तो मीच सढळ हातानं घातला होता. वरून ओलं फडकं टाकून ठेवलं.

नवा ‘त’ ओतला. सगळे साचे भरले.

१७ जानेवारी

‘ग’ आज सकाळी उठला. बहात्तर तासांच्या आसपास. तेवढाच सुपरप्लास्टिसायझर घालून, गाळाशिवाय केलेला छोटा नमुना मात्र कालच घट्ट झाला होता. म्हणजे दोष औषधाचा नाही.

प्रकल्पाच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, “गाळात जस्त किती आहे?” मला माहीत नव्हतं. शिसं-जस्ताच्या खाणीचा गाळ असं मी स्वतः पहिल्या दिवशी लिहिलंय आणि हा प्रश्न मला सुचला नाही. काढून घेणारी यंत्रणा सगळा धातू काढत नाही, काही टक्का मागे राहतो. जितका जुना गाळ तितका जास्त, कारण जुन्या पद्धती कमी काढायच्या. जस्त सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्यात विरघळतं आणि कॅल्शियमबरोबर एक संयुग बनवून सिमेंटच्या कणांवर कवच धरतं. आत पाणी पोचत नाही, सेटिंग थांबतं. कवच फुटलं की गाडी पुन्हा सुरू. थोडंसं जस्तही पुरतं.

गाळाचा नमुना रासायनिक विश्लेषणासाठी पाठवला. जस्त, शिसं आणि गंधक, तिन्ही मागितलंय. गंधक मॅडमनी सांगितलं म्हणून.

२१ जानेवारी

सात दिवसांचे क्यूब फोडले. ‘स’ची ताकद कंट्रोलच्या साधारण साठ टक्के. काका नाराज. त्यांचं म्हणणं, साइटवर कोण थांबणार? बरोबरच आहे. स्लॅग आपणहून जागा होत नाही, सिमेंटच्या अल्कलीनं त्याची काच फोडावी लागते, मग तो हळूहळू कामाला लागतो. थंडीत आणखी हळू. फॉर्मवर्क, म्हणजे साइटवरचा साचा, उद्या काढायचं असेल तर निम्मा स्लॅग घालू नये, इतकं सरळ. इमारतीच्या जाड पायात मात्र हाच संथपणा गुण होतो, कारण उष्णताही हळू निघते आणि आतून तापून भेगा पडण्याचा धोका घटतो.

‘ग’ मात्र कंट्रोलच्या अगदी जवळ आला. तीन दिवस झोपून उठला आणि बरोबरी केली. मला हे आवडलं नाही. असा आकडा हातात आला की माणूस ‘चालतंय की’ म्हणून पुढे जातो.

२४ जानेवारी

राखेचं मिश्रण. गोणीतली पहिली राख संपली म्हणून दुसऱ्या पोत्यातली घेतली. पाणी घातलं, मिक्सर फिरला, आणि दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी. शौचालय धुतल्यासारखा तिखट वास. मिक्सर बंद केला, खिडक्या-दारं उघडली, सगळे बाहेर.

अमोनिया. वीजकेंद्रात धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला धुरात अमोनिया सोडतात. उरलेला क्षारांच्या रूपात राखेला चिकटतो आणि कोरड्या राखेत गप्प बसतो. सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्यात पडला की वायू होऊन बाहेर. काँक्रीटचं त्यानं फारसं बिघडत नाही, बंद खोलीत काम करणाऱ्यांचं बिघडतं. तळघरातली फरशी ओतताना हे झालं असतं तर?

आता नियम : राख आली की चमचाभर राख आणि थोडी सिमेंटची पूड बाटलीत पाण्याबरोबर हलवायची, झाकण उघडून वास घ्यायचा, तोही लांबून. आणखी एक, राख पाण्यात टाकल्यावर वर काळी साय येते का बघायचं. ती न जळलेल्या कोळशाची. हा कोळसा हवेचे बुडबुडे धरणारं रसायन गिळून टाकतो, मग गोठणाऱ्या हवेत टिकणारं काँक्रीट हवं असेल तर बुडबुडेच उरत नाहीत. अमेरिकी मानकात राख ७५० अंशांवर भाजून होणारी वजनातली घट सहा टक्क्यांवर जाऊ देत नाहीत ती याचसाठी.

दोन्ही पोत्यांवर एकच नाव होतं : फ्लाय ॲश.

२ फेब्रुवारी

विश्लेषण आलं. जस्त आहे, शिसं आहे, अपेक्षेप्रमाणे. गंधकाचा आकडा बघून मी खुर्चीत मागे टेकले. युरोपीय मानक एन १२६२० प्रमाणे खडी-वाळूत एकूण गंधक वजनाच्या एक टक्क्याच्या आत हवं, आणि पायरोटाइट असल्याचं माहीत असेल तर ०.१ टक्क्याच्या आत. आमचा गाळ पहिल्याच मर्यादेच्या वर.

ही दहापट कडक मर्यादा उगाच नाही. पायरोटाइट हे लोह आणि गंधकाचं खनिज. ओलावा आणि हवा मिळाली की ते गंजतं, गंधकाचं आम्ल तयार होतं, ते सिमेंटच्या चुन्याशी आणि ॲल्युमिनेटशी भिडतं, जिप्सम आणि एट्रिंगाइट ही नवी खनिजं बनतात. दोघांनाही जागा जास्त लागते. काँक्रीट आतून फुगतं आणि नकाशासारख्या भेगा पडतात. कॅनडातल्या त्रुआ-रिव्हिएरमध्ये आणि अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये हजारो घरांचे पाये याच खनिजामुळे खराब झाले. खडी दिसायला चांगली होती, ताकदीलाही. बिघाड दिसायला काही वर्षं लागली, कुठे कुठे दहा-वीस.

म्हणूनच आमच्या ‘ग’चा सात दिवसांचा आकडा सुंदर आला. २८ दिवसांचाही सुंदरच येईल. २८ दिवसांच्या क्यूबला दहा वर्षांनंतरचं काही विचारता येत नाही.

संध्याकाळी वाळवलेल्या गाळावरून लोहचुंबक फिरवलं. कण चिकटले. पायरोटाइट चुंबकाला चिकटतो, लोह-गंधकाचंच दुसरं खनिज पायराइट चिकटत नाही. पण मॅग्नेटाइटही चिकटतो, त्यामुळे चुंबकावरून फक्त संशय घेता येतो. खनिजं नक्की ओळखायला एक्स-रे विवर्तनासाठी नमुना दिला.

५ फेब्रुवारी

मॅडमशी वाद. मी म्हटलं, मग गाळ सोडून देऊ या, चांगला टाकाऊ माल पुष्कळ आहे. त्या म्हणाल्या, गाळ कुठे जातो ते बघ आधी. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्यूला लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं, २७० माणसं गेली. त्याआधी ५ नोव्हेंबर २०१५ ला त्याच राज्यात मारियानाजवळ तसंच झालं होतं, १९ गेली. हंगेरीत आय्का इथे ४ ऑक्टोबर २०१० ला ॲल्युमिनाच्या कारखान्याचा लाल चिखल बांध फोडून गावात शिरला. तो इतका अल्कधर्मी की लोक भाजले. दहा जण गेले. गाळ काँक्रीटमध्ये घालणं धोक्याचं असेल, न घालणंही बिनधोक नाही.

मला पटलं, पण अर्धंच. लोहखनिजाच्या गाळात बहुतेक सिलिका आणि लोहाचे ऑक्साइड असतात, तो आपल्या गाळापेक्षा कितीतरी सज्जन. ‘खाणीचा गाळ’ हे एक नाव आहे, एक पदार्थ नाही.

११ फेब्रुवारी

२८ दिवस. ‘स’नं कंट्रोलला जवळजवळ गाठलं. क्यूब फुटला तेव्हा आत निळसर-हिरवा रंग, मोराच्या मानेसारखा, आणि अंडं सडल्यासारखा हलका वास. नवी आलेली मुलगी घाबरली, क्यूब खराब झाला म्हणाली. खराब नाही, हा स्लॅगमधल्या सल्फाइडचा रंग. हवा लागली की फिका पडतो. उलट आत हवा अजून शिरलेली नाही, हे त्यावरून कळतं. तुकडा खिडकीत ठेवलाय.

‘ग’ : सुंदर, जसं भाकीत केलं होतं तसंच. ‘त’ कंट्रोलच्या थोडा वर. ‘त-चूक’ त्याच्याही किंचित वर. आता तो आकडा कुणालाही दाखवणार नाही.

१८ फेब्रुवारी

कार्बनचा हिशेब. फक्त दगडातून सुटणारा वायू धरते, इंधन नाही. क्लिंकरच्या एका टनामागे तो साधारण ०.५१ टन. सिमेंटमध्ये ९५ टक्के क्लिंकर धरलं तर ‘क’च्या घनमीटरमागे सुमारे १७० किलो. ‘स’मागे ८५. ‘त-चूक’मागे १७४ ते १७५, म्हणजे साध्या काँक्रीटपेक्षा पाच किलो जास्त, आणि अहवालात त्याचं नाव मी ‘पर्यावरणस्नेही मिश्रण’ असं लिहिणार होते.

नीट केलेल्या ‘त’मध्येही कार्बन वाचत नाही, वाचते ती वाळू. वाळू वाचवणं काही लहान काम नाही : जगात वाळू आणि खडीचा वापर वर्षाला सुमारे ५० अब्ज टन आहे. पण एकाची बचत दुसऱ्याच्या खात्यावर लिहू नये.

‘स’चे ८५ किलो खरे, तरी त्यातही एक मेख आहे. चांगला विझवलेला स्लॅग आज जगात बहुतेक सगळा विकला जातोच. मी तो वापरला तर दुसऱ्या कुणाला तरी कमी पडेल. हवेत जाणारा वायू एकूण तेवढाच. कोळशाची वीजकेंद्रं बंद होत आहेत तिथे ताजी राखही आटते आहे, लोक जुन्या राखेचे तलाव उकरून, वाळवून वापरत आहेत. म्हणून मॅडमना भाजलेल्या मातीचं मिश्रण पुढच्या टप्प्यात हवंय : निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, पाच टक्के जिप्सम. ही माती काही खाणींवर वरचा थर म्हणून काढून बाजूला टाकलेली असते. तो ढीग मला आवडेल. त्यात जस्त नसतं. (तपासून बघितल्याशिवाय हे लिहायला नको होतं. तपासायचं.)

११ मार्च

५६ दिवस. ‘स’ कंट्रोलच्या पुढे गेला. काकांनी मशीनचा काटा दोनदा बघितला, काही बोलले नाहीत.

विवर्तनाचा निकाल : पायराइट आणि पायरोटाइट, दोन्ही.

२६ मार्च

‘ग’चे तीन क्यूब गेले काही आठवडे शुद्ध पाण्यात बुडवून ठेवले होते, पाणी ठरावीक दिवसांनी बदलून बाटल्यांत भरून ठेवत होते. काँक्रीट विषारी धातूंना कोंडून ठेवतं, असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक धातूंच्या बाबतीत खरंही आहे. शिसं आणि जस्त मात्र दोन्हीकडून विरघळतात, आम्लातही आणि तीव्र अल्कलीतही. सर्वांत कमी विरघळतात ते मधल्या, सौम्य अल्कधर्मी पट्ट्यात. ताज्या काँक्रीटच्या आतलं पाणी त्या पट्ट्याच्या बरंच वर असतं. पाण्याच्या बाटल्यांत दोन्ही धातू सापडले. फार नाहीत, पण माणूस ज्याच्यावरून चालणार, मूल ज्याच्यावर बसणार त्या फरशीसाठी मला नकोत.

मग हा गाळ जाणार कुठे? आज दुपारी मॅडमनी कागदावर खाणीचा उभा छेद काढला. खनिज काढून रिकामी झालेली पोकळी दाखवली आणि म्हणाल्या, “तिथे.” गाळातलं पाणी काढून, त्यात काही टक्के सिमेंट किंवा स्लॅग-सिमेंट मिसळून, दाट पेस्ट करून पोकळीत परत पंप करायची. हे बऱ्याच खाणींत आधीपासून चालतं. तिथे मोठी ताकद लागत नाही, भरलेली भिंत शेजारी खोदकाम चालू असताना उभी राहिली की पुरे. हवा कमी, माणसांची वर्दळ नाही. गंधकाचा त्रास तिथेही होतो, म्हणूनच अशा पेस्टमध्ये स्लॅग जास्त घालतात. त्यात गंधकाशी भांडायला चुना आणि ॲल्युमिनेट कमी सापडतं.

म्हणजे पहिल्या आणि चौथ्या गोणीचं जमतंय, फक्त मी त्यांना चुकीच्या ठिकाणी भेटवत होते.

१४ एप्रिल

९० दिवस. शेवटचे क्यूब. ‘स’ सगळ्यांत वर. खिडकीतला फेब्रुवारीचा तुकडा आता साधा करडा दिसतो. आज फोडलेला शेजारी ठेवला, तो हिरवा.

अहवालात : ‘स’, शिफारस, घाई नसलेल्या कामासाठी. ‘त’, शिफारस, घनफळानं बदलला तरच, आणि वर येणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवून. राख, पोतं उघडून तपासल्यावर. ‘ग’, काँक्रीटसाठी नाही. पेस्टचे नमुने पुढच्या महिन्यात. मॅडमनी ‘काँक्रीटसाठी नाही’ याच्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं : ‘हा गाळ’.

‘ग’चे चार क्यूब फोडले नाहीत. गच्चीवर पावसापाण्यात ठेवले. प्रत्येकाच्या दोन बाजूंना स्टीलच्या खुणा चिकटवल्या, अंतर मोजून वहीत लिहिलं. काकांनी रंगानं तारीख टाकली आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हलवू नये’. वर्षातून दोनदा मोजायचे. मी इथे नसले तर काका मोजतील.